जुन्या हाडांतला आजार: डीएनएच्या आधी काय पाहायचं आणि निकालानंतर काय लिहायचं

प्रश्न असा आहे: उत्खननात एका प्रौढ व्यक्तीचा बऱ्यापैकी पूर्ण सांगाडा मिळाला. पाठीचे दोन मणके पुढच्या बाजूने खचून एकमेकांना सांधले गेले आहेत आणि डाव्या बाजूच्या तीन बरगड्यांवर आतून खरबरीत थर आहे. विचारणाऱ्याला क्षयाचा संशय आहे. "डीएनए चाचणीला पाठवलं की पक्कं कळेल ना? आणि डीएनए मिळाला नाही, तर क्षय नव्हता असं लिहायचं का?"

दोन्हींचं उत्तर 'नाही'. का, ते जरा सविस्तर सांगते, कारण याच दोन समजुतींपायी चांगली हाडं वाया गेलेली मी पाहिली आहेत. "याला काय झालं होतं?" हा प्रश्न प्रयोगशाळेतली कुठलीच चाचणी सोडवत नाही. ती एक नेमकी गोष्ट शोधते आणि तेवढ्यापुरतंच बोलते. ती गोष्ट कोणती, हे आपण ठरवायचं असतं. हाड हातात घेऊन नीट पाहिल्याशिवाय ते ठरत नाही.

आधी हाडाची मूळ अडचण. आजार कुठलाही असो, जिवंत हाडाला दोनच गोष्टी करता येतात: नवं हाड घालणं किंवा असलेलं हाड खाऊन टाकणं. क्षय, कुष्ठरोग, उपदंश, कर्करोग, स्कर्व्ही, मुडदूस, साधा पू झालेला फोड, सगळ्यांची भाषा एवढीच. म्हणून एकटं भोक किंवा एकटा उंचवटा पाहून निदान होत नाही. बदल सांगाड्यात कुठे कुठे आहेत, कडा धारदार आहेत की गुळगुळीत झाल्या आहेत, झीज जास्त आहे की भर, हे सगळं मिळून चित्र बनतं. घाईने घातलेलं हाड राखाडी, सच्छिद्र, जाळीसारखं दिसतं. ते दिसलं तर मृत्यूच्या वेळी आजार चालू होता असं धरायचं. सावकाश घातलेलं हाड आजूबाजूच्या पृष्ठभागात मिसळून जातं, आणि त्याचा अर्थ आजार निवळत होता किंवा फार जुना होता. मिश्र चित्र वारंवार सापडतं, आणि तेच जास्त बोलकं असतं.

दुसरी अडचण त्याहून मोठी. बहुतेक आजार हाडापर्यंत पोचतच नाहीत. प्लेग आणि पटकी काही दिवसांत माणूस संपवतात, हाडाला उत्तर द्यायला वेळच मिळत नाही. क्षय दीर्घकाळ चालणारा आजार, तरी प्रतिजैविकांपूर्वीच्या काळातही साधारण ३ ते ५ टक्के रुग्णांमध्येच तो हाडात उतरत असे. म्हणजे स्मशानात क्षयाची खूण असलेला एक सांगाडा मिळाला, तर त्याच्या आसपास खूण नसलेले कितीतरी क्षयरोगी झोपलेले असू शकतात. १९९२ मध्ये याच मुद्द्यावर एक गाजलेला लेख आला, त्याला 'अस्थिविषयक विरोधाभास' म्हणून ओळखतात. त्यातली एक गोष्ट विद्यार्थ्यांना पचायला वेळ लागतो: हाडावर खूण असलेली व्यक्ती कदाचित जास्त चिवट होती. खूण उमटेपर्यंत ती जगली. अशक्त माणूस आधीच गेला आणि त्याचा सांगाडा मात्र 'निरोगी' दिसतो.

आता तुमचे मणके. पहिली प्रयोगशाळा म्हणजे टेबल, तिरका दिवा आणि दहापट मोठं दाखवणारं भिंग. पहिला प्रश्न रोगाचा नाहीच, मातीचा आहे: हे नुकसान मृत्यूनंतरचं तर नाही? झाडाची मुळं हाडावर फांद्यांसारख्या खाचा पाडतात. उंदीर-घुशींच्या दातांच्या समांतर चऱ्या उमटतात. वाळवी आणि भुंगे गोल भोकं करतात, आणि ती अर्बुदाच्या, म्हणजे रोगट गाठीच्या, भोकांसारखी दिसतात. मातीच्या भाराने मणका चेपतो आणि खचल्यासारखा वाटतो. कडेचा रंग पाहा. बाकी हाड तपकिरी आणि तुटलेली कड फिकट असेल, तर ते नुकसान खोदतानाचं किंवा नंतरचं. कड बाकी हाडाइतकीच काळवंडलेली असेल तर एवढंच कळतं की तुटणं जुनं आहे. ते जिवंतपणीचं म्हणायला कडेला भरण्याची किंवा गोलाई येण्याची खूण लागते. तुमच्या बाबतीत दोन मणके हाडानेच सांधले आहेत, आणि हे काम माती करू शकत नाही. इथपर्यंत तुम्ही सुरक्षित आहात.

पण सांधलेला कणा म्हणजे क्षयच, असं नाही. क्षयात सहसा मणक्याचा पुढचा मुख्य भाग पोखरला जातो, मागची कमान बरीचशी वाचते, नवं हाड फार कमी घातलं जातं आणि कणा कोनात मोडून कुबड येतं. ब्रुसेलोसिस, म्हणजे गुराढोरांकडून येणारा ताप, बहुधा कमरेचे मणके धरतो. मणक्याच्या वरच्या पुढच्या कोपऱ्यावर झीज आणि तिथेच दाट, चोचीसारखं नवं हाड, अशी त्याची खूण. हाडं ठिसूळ झालेल्या म्हाताऱ्या माणसाचा मणका पाचरीसारखा चेपतो, पण आत पोकळी नसते. पू करणारे इतर जंतू, बुरशी, पसरलेला कर्करोग हेही यादीत ठेवायचे. म्हणून कंबरेच्या हाडाची आतली बाजू आणि मांडीच्या हाडाचा वरचा भाग तपासा. कण्यातला पू कमरेच्या स्नायूच्या म्यानातून खाली उतरतो आणि वाटेत हाडावर खळगा किंवा थर सोडतो. तो सापडला तर क्षयाची बाजू चांगलीच भक्कम होते.

बरगड्यांबद्दल सावध राहा. आतल्या बाजूचा थर फुफ्फुसाच्या आवरणाला आलेली सूज दाखवतो. मृत्यूचं कारण नोंदलेल्या सांगाड्यांच्या संग्रहांवर, उदाहरणार्थ अमेरिकेतल्या टेरी संग्रहावर, जे काम झालं त्यात क्षयाने गेलेल्यांमध्ये असे थर कितीतरी जास्त दिसले. पण छातीच्या इतर आजारांतही ते होतेच. एकट्या बरगडीवर क्षय ठरत नाही. मणके आणि बरगड्या एकाच सांगाड्यात असणं, हे तुमच्याकडचं खरं भांडवल.

इथे एक वेदनादायक आठवण सांगायलाच हवी. सुरुवातीच्या वर्षांत एका सांगाड्याच्या छातीतली माती मी नेहमीच्या मोठ्या जाळीने चाळली. अंड्याच्या टरफलासारखे पातळ, किंचित वळलेले, पांढुरके तुकडे वर राहिले होते. चुन्याचे खडे समजून मी ते टाकून दिले. काही वर्षांनी दुसऱ्या एका सांगाड्याच्या बरगड्यांना तसेच तुकडे जागच्या जागी चिकटलेले पाहिले आणि पोटात खड्डा पडला. फुफ्फुसाच्या आवरणात जिवंतपणी साठलेल्या कॅल्शियमची ती कवचं होती. त्या पहिल्या माणसाच्या छातीतला सगळ्यात बोलका पुरावा मी स्वतःच्या हाताने फेकला होता. तेव्हापासून छाती, पोट आणि ओटीपोट यांमधली माती वेगवेगळ्या पिशव्यांत भरते, बारीक चाळणीने चाळते, आणि कवटीतली आणि सांगाड्यापासून लांबची थोडी माती तुलनेसाठी राखते.

ही तुलनेची माती किती कामाची असते याचं सुंदर उदाहरण इंग्लंडच्या तिसऱ्या रिचर्ड राजाचं. लेस्टरमध्ये २०१२ साली त्याचा सांगाडा मिळाला. त्याच्या ओटीपोटाच्या जागेवरच्या मातीत जंतांची अंडी भरपूर होती, कवटीतल्या मातीत मुळीच नव्हती आणि थडग्याबाहेरच्या मातीत अगदी थोडी. तीन ठिकाणची माती शेजारी ठेवल्यावरच म्हणता आलं की जंत राजाच्या पोटात होते, मातीतून आले नव्हते. एकच नमुना घेतला असता तर त्या अंड्यांना काही अर्थ उरला नसता.

पुढची पायरी एक्स-रे आणि सीटी स्कॅन. नियम साधा: हाडाला न दुखवणारी तपासणी आधी, कापाकापी नंतर. साध्या एक्स-रेची मर्यादा लक्षात ठेवा. हाडातली ३० ते ४० टक्के खनिजं गेल्याशिवाय पोकळी नीट दिसत नाही. पुरलेल्या हाडात आणखी एक फसवणूक असते: पोकळीत माती किंवा खनिज भरून बसतं आणि एक्स-रेवर ते दाट हाडासारखं पांढरं उमटतं. तुमच्या सांधलेल्या मणक्यांत नेमकं हेच होण्याची शक्यता आहे, म्हणून सीटी करा. शक्य असेल तर मायक्रो-सीटी, ज्यात आतली जाळी केसाच्या जाडीपेक्षा बारीक पातळीवर उलगडते. दक्षिण आफ्रिकेतल्या स्वार्टक्रान्स इथलं पायाचं सुमारे १७ लाख वर्षांपूर्वीचं एक लहानसं हाड घ्या. त्यातला हाडाचा कर्करोग २०१६ मध्ये मायक्रो-सीटीवर ओळखला गेला, तोही आतली अनियमित वाढ आजच्या रुग्णांच्या हाडांशी ताडून. एवढा दुर्मिळ नमुना कापायची परवानगी कुणीच दिली नसती.

आता माझी आवडती पद्धत. मला वाटतं, तिच्याकडे आजकाल डीएनएच्या झगमगाटात दुर्लक्ष होतं. हाडाचा पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं. तुकडा वाळवायचा, निर्वात पात्रात ठेवून त्यात रेझिन मुरवायचं, ते घट्ट झालं की हिऱ्याच्या करवतीने काप घ्यायचा आणि काचेवर चिकटवून घासत घासत ५० ते १०० मायक्रॉनवर (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आणायचा. घासणं शेवटी हातानेच चांगलं होतं. शेवटच्या दहा मायक्रॉनात काप फाटला की पुन्हा पहिल्यापासून. मग ध्रुवित प्रकाशात, म्हणजे एकाच दिशेने कंप पावणाऱ्या प्रकाशात, ठेवायचा. सावकाश घातलेलं हाड तिथे उजेड-अंधाराच्या पट्ट्यांत दिसतं, एखाद्या नीट विणलेल्या चटईसारखं. घाईत घातलेल्या हाडात तंतू वाटेल तसे पसरलेले असतात. तुमच्या बरगडीचा काप असा पाहिला तर मूळ बरगडीची कड सलग रेषेसारखी दिसेल आणि तिच्यावर बसलेला नवा थर वेगळा ओळखू येईल. एकच थर आहे की थरांवर थर, खालचा थर पिकून पट्ट्यांचा झाला आहे का आणि वरचा अजून कोवळा आहे का, हेही कळेल. थरांवर थर म्हणजे आजार उलटत राहिला. डोळ्यांना फक्त 'खरबरीत' दिसतं, काप त्या खरबरीतपणाचा काळ सांगतो.

कापाने किती रूढ समजुती मोडल्या याचा एक नमुना. डोळ्यांच्या खोबणीच्या छतावर बारीक छिद्रं दिसली की लगेच 'रक्तक्षय' लिहायची पद्धत होती, अजूनही लिहिणारे आहेत. २००४ मध्ये सुदानमधल्या सांगाड्यांचे असे भाग कापून पाहिले गेले, तर निम्म्याहून जास्त जणांत रक्तक्षयाचा काहीही पुरावा नव्हता. रक्तक्षयात आतला मज्जेचा भाग फुगतो, बाहेरचा कठीण थर पातळ होत जातो आणि आतल्या काड्या उभ्या राहतात. सूज असेल तर मूळ थर जागेवरच असतो आणि त्याच्यावर नवा थर बसतो. मातीने झिजवलेलं असेल तर पट्ट्या मध्येच कापल्यासारख्या तुटतात. वरून तिन्ही छिद्रं सारखीच दिसतात.

काप आणखी एक गोष्ट सांगतो: हाड आतून किती शाबूत आहे. मेलेल्या हाडात सूक्ष्मजीव बोगदे खणतात. कार्ल वेडल यांनी १८६४ मध्येच त्यांचं वर्णन केलं आणि आजही ते त्यांच्याच नावाने ओळखले जातात. जिथे कोलॅजन, म्हणजे हाडातलं तंतूंचं प्रथिन, गेलं तिथे ध्रुवित प्रकाशात पट्ट्या विझतात, नुसता काळोख दिसतो. काप असा विझलेला निघाला तर त्या हाडातून डीएनए किंवा प्रथिनं मिळतील या आशेवर मोठा खर्च करू नका, दुसरं हाड किंवा दात निवडा. दुसऱ्या बाजूने एक इशाराही देते. उपदंशासारख्या रोगांत कापावर दिसणाऱ्या काही उशीसारख्या रचना पूर्वी खात्रीच्या खुणा मानल्या गेल्या होत्या. त्या इतर आजारांतही दिसतात, हे पुढे लक्षात आलं. फक्त कापावरून रोगाचं नाव देऊ नका.

रसायनांचा भाग थोडक्यात, कारण तुमच्या प्रश्नाला तो फारसा लागत नाही. कार्बन आणि नायट्रोजनचे समस्थानिक, म्हणजे एकाच मूलद्रव्याचे कमीजास्त वजनाचे अणू, आहार सांगतात, पण प्रौढ हाड दहा किंवा त्याहून जास्त वर्षांची सरासरी देतं, त्यामुळे थोड्या महिन्यांचा आजार त्यात विरून जातो. दाताचं डेंटिन, म्हणजे वरच्या चकचकीत थराखालचा भाग, मात्र एकदा घडलं की बदलत नाही. बालपणी ड जीवनसत्त्व कमी पडलं असेल तर त्याच्यात नीट न भरलेल्या जागा कायमच्या राहतात, आणि त्या कापात मोजताही येतात. शिशाचं प्रमाण मोजणार असाल तर ते हाडाच्या नुसत्या बाहेरच्या कडेला जास्त आहे का ते बघा. तसं असेल तर ते मातीतून शिरलेलं आहे. प्रथिनांच्या बाबतीत सैबेरियातल्या अर्झान इथल्या शक राजाचं उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं. सुमारे २७०० वर्षांपूर्वीच्या या सांगाड्यात जागोजागी गाठी होत्या. आधी डोळ्यांनी, मग एक्स-रेवर, मग कापात असं पाहत गेल्यावर प्रोस्टेटच्या पसरलेल्या कर्करोगाचा संशय बळावला, आणि त्यानंतरच हाडातून पीएसए हे प्रोस्टेट ग्रंथीत बनणारं प्रथिन शोधलं गेलं. ते मिळालं आणि २००७ मध्ये निदान प्रसिद्ध झालं. चाचणी शेवटी आली म्हणून तिला वजन आलं.

आता डीएनए. इथे थोडा वेळ द्यावाच लागेल.

माणूस मेला की डीएनएचे तुकडे व्हायला लागतात. न्यूझीलंडच्या नामशेष मोआ पक्ष्यांच्या हाडांवर झालेल्या २०१२ च्या अभ्यासात, सरासरी १३ अंश तापमानाला एका ठरावीक लांबीच्या तुकड्याचं अर्धायुष्य ५२१ वर्षं निघालं. उष्ण आणि दमट मातीत ते याहून खूप कमी भरतं. जुन्या हाडातले तुकडे म्हणून आखूड असतात, बहुतेक डीएनएच्या शंभर अक्षरांच्या आतले. त्यांच्या टोकांना सायटोसिन हे अक्षर बिघडून यंत्राला थायमिन या दुसऱ्या अक्षरासारखं दिसायला लागतं. ही टोकांची झीज आमच्यासाठी वरदान आहे. जुना डीएनए आणि परवा कुणाच्या हातावरून आलेला डीएनए तिच्यामुळेच वेगळा काढता येतो.

१९९० च्या दशकात ही कसोटी हाती नव्हती. त्या काळी पीसीआरने, म्हणजे डीएनएच्या असंख्य प्रती काढणाऱ्या पद्धतीने, जंतूचा एखादा छोटा तुकडा वाढवायचा, तो असल्याची पट्टी उमटली की निदान जाहीर, असं चाललं होतं. क्षयाच्या बाबतीत 'आयएस ६११०' नावाचा तुकडा सर्रास वापरला गेला, कारण तो क्षयजंतूंच्या गटातच असतो असं मानलं जात होतं. मातीत राहणाऱ्या निरुपद्रवी मायकोबॅक्टेरियांतही त्याच्यासारखे तुकडे असतात, हे नंतर कळलं. क्षयजंतूचे मातीतले भाऊबंद खूप आहेत, आणि पुरलेलं हाड त्यांच्यातच शेकडो वर्षं पडलेलं असतं. प्लेगचाही असाच वाद झाला. २००० मध्ये फ्रान्समधल्या मध्ययुगीन दातांत प्लेगचा जंतू मिळाल्याचं जाहीर झालं. २००४ मध्ये दुसऱ्या गटाने पाच दफनस्थळांवरचे १०८ दात तपासले, त्यांना एकातही तो मिळाला नाही. वाद मिटला तो पद्धत बदलल्यावर. लंडनमधल्या ईस्ट स्मिथफील्ड या १३४८ ते १३५० च्या साथीच्या दफनभूमीतल्या दातांमधून २०११ मध्ये प्लेगच्या जंतूचा जवळजवळ संपूर्ण जनुकसंच मिळाला, टोकांच्या झिजेसकट.

दात का, हे समजून घ्या. दाताच्या आतल्या पोकळीत रक्त पोचतं, त्यामुळे रक्तातून पसरणारा जंतू तिथे वाळून बंद होतो, डबीत ठेवल्यासारखा. कानाच्या आतल्या भागाभोवतीच्या दगडासारख्या टणक हाडात माणसाचा स्वतःचा डीएनए उत्तम टिकतो, पण जंतू शोधायला ते फारसं उपयोगी नाही. पूर्वजांचा शोध घेणाऱ्यांची पद्धत आंधळेपणाने उचलू नका. क्षयाचा जंतू ठरावीक जागी घर करतो, म्हणून तुमच्या बाबतीत बाधित मणक्याचा किंवा बरगडीचा चुरा आणि सोबत दात, असे दोन्ही नमुने घ्यायला हवेत. आजकाल सुमारे ५० मिलिग्रॅम चुऱ्यावर काम सुरू करता येतं.

जंतूचा जनुकसंच बऱ्यापैकी मिळाला तर रोगाचं नाव मिळतंच, त्याची वंशावळही मिळते. पेरूमध्ये सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या तीन सांगाड्यांत कण्याचा क्षय स्पष्ट दिसत होता. २०१४ मध्ये त्यांचे जंतू वाचले गेले, तर ते माणसांतल्या आजच्या जातींपेक्षा सील आणि सी लायन यांच्यातल्या जातीला जवळचे निघाले. हाडावरची खूण हे कधीच सांगू शकली नसती. कुष्ठरोगाचा जंतू तर मेणचट आवरणामुळे विलक्षण टिकतो. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मध्ययुगीन नमुन्यांपैकी डेन्मार्कमधल्या एकात तो इतका शाबूत होता, की आजच्या जनुकसंचाचा आधार न घेता तुकडे एकमेकांना जुळवता आले.

आणि मेक्सिकोतलं टेपोस्कोलुला हे मी नेहमी सांगते, कारण ते माझ्याच म्हणण्याला मुरड घालतं. १५४५ ते १५५० च्या भयंकर साथीत तिथे गेलेल्यांच्या हाडांवर काहीच खूण नव्हती, आणि कुठला जंतू शोधायचा हेही माहीत नव्हतं. दातांतला सगळा डीएनए वाचून तो हजारो जंतूंशी ताडला गेला आणि २०१८ मध्ये पॅराटायफॉइड सी चा जंतू समोर आला. स्पॅनिश लोक येण्याआधीच्या तिथल्याच दफनांत तो नव्हता. म्हणजे आधी संशय नसतानाही चाचणी उपयोगी पडू शकते. पण तिथेही साथीची दफनभूमी, तिचा काळ आणि तुलनेची जुनी दफनं, ही सगळी चौकट आधीपासून हातात होती.

आता तुमचा दुसरा प्रश्न, डीएनए मिळाला नाही तर काय. आधी तपासा की त्याच नमुन्यात माणसाचा स्वतःचा डीएनए मिळाला का. तोही नसेल तर हाडात काहीच शिल्लक नाही, आणि निकालाला अर्थच नाही. माणसाचा मिळाला आणि जंतूचा नाही, तर तो त्या चुऱ्यात नव्हता एवढंच म्हणता येतं. शेजारच्या सेंटिमीटरभर हाडात तो असू शकतो. आजार बरा होऊन हाड सांधलं गेलं असेल, जसं तुमच्या मणक्यांत दिसतंय, तर मृत्यूच्या वेळी तिथे जंतू फारच थोडे उरले असतील. राजस्थानातल्या बालाथल इथल्या, इ.स.पू. २००० च्या सुमाराच्या सांगाड्याचं कुष्ठरोगाचं निदान २००९ मध्ये डीएनएशिवायच मांडलं गेलं. चेहऱ्याच्या आणि बाकी सांगाड्यातल्या बदलांची एकत्र मांडणी हाच त्याचा आधार.

उलट्या बाजूचा धोकाही आहे. इस्रायलच्या किनाऱ्याजवळ पाण्याखाली गेलेल्या अत्लित याम या वस्तीतली एक स्त्री आणि अर्भक, सुमारे ९००० वर्षांपूर्वीची. २००८ मध्ये त्यांच्यात क्षयाचा डीएनए आणि जंतूच्या आवरणातले मेद दोन्ही मिळाल्याचं प्रसिद्ध झालं, आणि लगेच त्यावर पद्धतीच्या अंगाने आक्षेपही आले. दोन स्वतंत्र रेणू मिळूनही जाणकारांचं एकमत होत नाही. मग पीसीआरच्या एका पट्टीवर छातीठोकपणे बोलायला कुणी धजू नये.

लिहायचं कसं, याची एक चांगली सोय आहे. छळाच्या खुणांची वैद्यकीय नोंद करण्यासाठी बनवलेल्या इस्तंबूल प्रोटोकॉलमधली शब्दांची उतरंड २०१५ मध्ये जुन्या हाडांसाठी सुचवली गेली: जुळत नाही, जुळतं पण इतर कारणंही शक्य, बरंचसं जुळतं, या रोगात सहसा असंच दिसतं, आणि निदान निश्चित. तुम्ही दिलेल्या वर्णनावरून मी आज 'बरंचसं जुळतं' एवढंच लिहीन. मणक्यांच्या सीटीमध्ये नवं हाड कमी आणि मागची कमान शाबूत दिसली, कंबरेच्या हाडावर पुवाची खूण मिळाली, तर एक पायरी वर. टोकांची झीज असलेला, जनुकसंचावर जागोजागी पसरलेला क्षयजंतूचा डीएनए मिळाला आणि बाहेरच्या मातीच्या नमुन्यात तो नसला, तर शेवटची पायरी. नाही मिळाला तर आधी जिथे होतात तिथेच राहा, खाली उतरायचं कारण नाही.

तेव्हा उद्यापासूनचं काम सांगते. हाडं आणखी धुऊ नका, बिनहातमोज्याने हाताळू नका. त्या बरगड्यांच्या आसपासची माती अजून पिशवीत असेल तर ती शोधून काढा आणि बारीक चाळणीने चाळा. सगळ्या बाजूंनी फोटो आणि सीटी झाल्याशिवाय करवत लावू नका, आणि सांगाड्याची जबाबदारी ज्यांच्याकडे आहे त्यांची लेखी परवानगी घ्या, त्यात किती मिलिग्रॅम कुठून काढणार हेही लिहा. सांधलेले दोन मणके अखंड ठेवा, ते पुन्हा मिळणार नाहीत. तीन बरगड्यांपैकी एखादी आधीच मोडलेली असेल तर तिच्या मोडलेल्या टोकाचा तुकडा घ्या. काही भाग कापासाठी, काही डीएनएसाठी, आणि थोडासा न वापरता बंद करून ठेवा, पुढे कुणाकडे याहून चांगली पद्धत असेल त्याच्यासाठी. पहिला काप तयार झाला की त्याचा ध्रुवित प्रकाशातला फोटो मला दाखवा, मग दात काढायचा की नाही ते ठरवू.